पन्नास वॅटचा ड्रायव्हर आणि कोरं पडलेलं स्टिकर

एलईडीला बेताचा प्रवाह पुरवणारा डबा म्हणजे ड्रायव्हर, त्याची वॉरंटी दोन वर्षांची. ती ज्या स्टिकरवर लिहिलेली असते ते स्टिकर मात्र पहिला उन्हाळा संपायच्या आत पांढरंफटक. दुकानदार म्हणतो, तारीख वाचता येत नाही, बदलून मिळणार नाही. या एका गोष्टीवरून माझं डोकं एवढं तापलंय की हे लिहायला बसलो, नाहीतर मी स्वतः बनवलेले एलईडी लाइट तसे बरे चाललेत.

बेळगावात उद्यमबागेत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग, एक ग्राइंडर. घर अनगोळला. लाइट घरीच बनवायचं ठरवलं ते सरळ हिशेबाने. ॲल्युमिनियमचे तुकडे भंगारात पडलेलेच असतात, लेथ आपलीच, पार्टिंग टूलने खाचा मारल्या की उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक तयार. विकत घ्यायची ती चिप, ड्रायव्हर आणि चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारी पांढरी पेस्ट. बिल वाचवायला केलं असं समजू नका. घरी कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत बिल शून्यच येतं, तिथे पाच वॅट वाचवून कुणाचं भलं होणार? शेडचा मीटर मात्र वेगळा, तिथे सवलत नाही, आणि तयार फ्लडलाइट बिघडला की अख्खा फेकायचा हे मला पटत नाही. फेकायचा तो भाग फेकू, बाकीचा राहू दे की.

शेडला पन्नास वॅटच्या सीओबी चिप, म्हणजे एकाच चौकोनात अनेक एलईडी बसवलेल्या, लावल्या, ३० ते ३६ व्होल्ट, १५०० मिलीअँपिअरच्या. घरी ओसरीला आणि माडीच्या जिन्याला एक वॅटचे सुटे एलईडी दहा-दहा ओळीत, ३०० मिलीअँपिअरच्या ड्रायव्हरवर. गणपतीच्या आराशीला १२ व्होल्टची पट्टी, तिचं काही सांगण्यासारखं नाही. पट्टीत दर तीन एलईडीला रेझिस्टर बसवलेलाच असतो, १२ व्होल्ट दिले की झालं. खरी डोकेदुखी सुट्या चिपची, कारण तिथे प्रवाह आवरायचं काम पूर्णपणे ड्रायव्हरवर असतं.

पहिले काही महिने तक्रारच नव्हती. मग एप्रिलातला वळीव आला. आपल्याकडचा वळीव कसा असतो ते खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आधी वारा, मग कडाडून विजा, मग लाइट जाणार, आणि येताना एकदम उसळी मारून येणार. एका उसळीत लेथवरच्या लाइटचा ड्रायव्हर गेला. चिप शाबूत होती, व्होल्ट हवे तसे फिरवता येणाऱ्या बेंच सप्लायवर ३० व्होल्टच्या पुढे नेल्यावर छान पेटली. म्हणून ज्या दुकानातून घेतला होता तिथे गेलो.

तिथला संवाद जसाच्या तसा देतो. मी म्हटलं, “अण्णा, दोन वर्षांची वॉरंटी सांगितली होती तुम्ही.” त्याने ड्रायव्हर उलटापालटा करून पाहिला. “यावर तारीख कुठाय?” तारीख त्यानेच स्केचपेनने टाकली होती, ती ऑइलच्या वाफेत गेली. छापलेलं सगळं त्याच्या मागोमाग गेलं. “स्टिकर नाय म्हणजे कंपनी घेत नाय बघा.” शेजारी उभा असलेला पोरगा कानडीत म्हणाला, “हौद्री,” म्हणजे हो जी. मी बिल दाखवलं. बिलावर नुसतं ‘एलईडी ड्रायव्हर ५०’ असं लिहिलेलं. “हा त्योच ड्रायव्हर कशावरून?” झालं. पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्याने दुसऱ्या मेकचा नवीन ड्रायव्हर निम्म्या किमतीत दिला, “पन्नास वॅटचाच हाय, बिनधास्त लावा.”

लावला. चिप दर सेकंदाला एकदा डोळे मिचकावायला लागली.

परत गेलो तर म्हणाला, चिप खराब. चिप खराब नव्हती. नव्या ड्रायव्हरवर मोठ्या अक्षरात ५० वॅट, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ९० ते १६५ व्होल्ट, ३०० मिलीअँपिअर. हा ड्रायव्हर लांब माळेसाठी आहे, ज्या प्लेटवर पन्नासएक बारके एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात तिच्यासाठी. माझी चिप ३३ व्होल्टला पेटते. ड्रायव्हरला बाहेर किमान ९० व्होल्ट हवेत. ते मिळाले नाहीत की त्याच्या आतल्या, सगळं आवरणाऱ्या आयसीचा पुरवठा तुटतो, तो बंद पडतो, परत सुरू व्हायला बघतो, परत बंद. मिचकावणं ते हेच. वॅट दोन्हीकडे पन्नासच, पण हे म्हणजे अथणीला जाऊन ‘अर्धा किलो चपला द्या’ म्हटल्यासारखं झालं.

हे मला एकट्यालाच नडलं असं नाही. आपल्याकडे दुकानात ड्रायव्हर वॅटवर मागतात आणि वॅटवरच देतात. खरं म्हणजे आधी मिलीअँपिअर बघायचे. चिपला लागणारा प्रवाह आणि ड्रायव्हरचा प्रवाह एक असला पाहिजे, किंवा ड्रायव्हरचा कमी. मग चिपचे किंवा माळेचे एकूण व्होल्ट ड्रायव्हरच्या पट्ट्यात, शक्यतो मधोमध बसतात का ते बघायचं. पांढरा एलईडी साधारण तीन ते सव्वातीन व्होल्ट घेतो, म्हणजे एक वॅटचे दहा ओळीत लावले तर ३० ते ३३. ‘८ ते १२ एलईडी’ लिहिलेला ३०० मिलीअँपिअरचा ड्रायव्हर साधारण २४ ते ४२ व्होल्ट देतो, त्यात ते आरामात बसतात. वॅट हा नुसता दोघांचा गुणाकार, तो शेवटी आपोआप जुळतो.

व्होल्ट चुकले तर निदान लगेच कळतं, मिचकावतो किंवा पेटतच नाही. फसवा प्रकार तो प्रवाहाचा. ३०० मिलीअँपिअरचे एलईडी, व्होल्ट बरोबर, पण ड्रायव्हर ६०० चा. लावल्या लावल्या असा झगझगीत उजेड पडतो की माणूस खूश. काही आठवड्यांत एकेक एलईडीचा मधला ठिपका काळा पडायला लागतो. माझ्या शेजारच्या शेडमध्ये असंच आहे आणि तो अजून चिपलाच शिव्या देतो. दोन माळा समांतर जोडून ६०० वर चालवणं हाही तसाच धोका. दोन्ही माळा निम्मा-निम्मा प्रवाह घेतील याची खात्री नाही, जी गरम होते तिचे व्होल्ट उतरतात आणि ती अजून जास्त ओढते. एक तुटली तर दुसरीवर सगळे ६०० येतात.

काउंटरवर अजून एक खेळ चालतो तो बघून माझ्या अंगावर काटा येतो. ड्रायव्हर आधी चालू करायचा आणि मग चिपच्या वायरी टेकवून ‘बघा पेटला’ म्हणून दाखवायचं. भार नसताना ड्रायव्हरचा वीज साठवणारा कपॅसिटर सगळ्यात वरच्या व्होल्टेजला भरलेला असतो, टेकवल्याबरोबर तो सगळा झटका चिपमध्ये जातो. चिप तेव्हा पेटते, घरी नेल्यावर मरते. आधी चिप जोडा, मग बटण. दुकानदार ऐकत नसेल तर ती चिप घेऊ नका, दुसरी काढायला सांगा.

आता परत स्टिकर. मला माहीत आहे, उजेड देणाऱ्या वस्तूत स्टिकरवरून एवढं रडायचं कारण नाही. पण बघा, ड्रायव्हर ही अशी चीज आहे की बाहेरून काही कळत नाही. ३०० आणि ६०० चे डबे एकाच मापाचे, वायरी त्याच लाल-काळ्या. सगळी ओळख त्या कागदात. आणि तो कागद असा निवडतात की उष्णता आणि ऑइल लागलं की पुसला जावा, जणू ड्रायव्हर कपाटात ठेवायची वस्तू आहे. चांगल्या मालावर भारतीय मानक आयएस १५८८५ आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, एलईडीच्या ड्रायव्हरला ही नोंदणी सक्तीची आहे. ती असली तरी पुसून गेल्यावर काय उपयोग? डब्यावरच ठसा मारायला किती पैसे लागतील? आम्ही दहा रुपयांच्या बुशवर पार्ट नंबर कोरून देतो आणि गिऱ्हाईक अक्षर वाकडं आलं म्हणून परत पाठवतं.

म्हणून आता ड्रायव्हर घरी आला की कोरणीने त्याच्या डब्यावर तीन गोष्टी खरवडतो, मिलीअँपिअर, व्होल्टचा पट्टा, खरेदीची तारीख. मोबाइलवर फोटो काढतो. बिलावर तेच सगळं दुकानदाराच्या हाताने लिहून घेतो. त्याला राग येतो, येऊ दे. घरी बायको म्हणते, लग्नाच्या भांड्यांवर नावं घातली नव्हती एवढी ड्रायव्हरवर घालतोस.

आणि गंमत सांगू? तो मेलेला ड्रायव्हर मी नंतर उघडला. आत १४डी४७१ नंबरचा एमओव्ही, म्हणजे ती निळी चकती, फुटून काळी पडली होती आणि तोंडावरचा फ्यूज रेझिस्टर उडाला होता. बाकी सगळं ठीक. चकतीचं कामच ते आहे, व्होल्टेज उसळलं की आपण शॉर्ट व्हायचं आणि मागच्यांना वाचवायचं. चहाच्या पैशात दोन्ही बदलले आणि ड्रायव्हर परत चालू झाला, आज या क्षणी चालू आहे. पैसे वाचले, राग मात्र तसाच. ज्यांच्या ड्रायव्हरमध्ये डांबरासारखा मसाला भरलेला असतो त्यांना हे जमणार नाही. पावसात टिकायला तो मसाला चांगला, दुरुस्तीला वाईट. ओसरीला मी मसाल्याचाच लावलाय, कारण जूनपासून तिथे पाण्याची झड येते. शेडला उघडता येणारा, आणि मेन लाइनवर वेगळं सर्ज प्रोटेक्टर.

दुसऱ्या चिपचा १५०० चा ड्रायव्हर काढून तिथे मुद्दाम ९०० मिलीअँपिअरचा लावला. पन्नासची चिप त्यावर अठ्ठावीस वॅटच्या आसपास चालते. उजेड किती कमी झाला? वॅट घटले तेवढा तरी नाही, कारण कमी प्रवाहावर एलईडी दर वॅटमागे जास्त उजेड देतो. हीटसिंकवर आता हात ठेवता येतो. आधी ठेवता येत नव्हता. सीओबीत घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होते आणि ती एवढ्याशा चौकोनातून बाहेर काढायची असते. एका मित्राने बिडाच्या प्लेटवर चिप बसवली होती, फाउंड्रीवाला आहे, फुकटात मिळाली. बीड ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता फारच सावकाश पसरवतं. चिपखालची जागा चटका देते आणि कडा गार. त्याने शेवटी माझ्याकडून ॲल्युमिनियम नेलं, पैसे अजून दिलेले नाहीत. ड्रायव्हरही हीटसिंकला चिकटवून बसवू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. हातभर लांब ठेवला तरी वायरीचा खर्च किती?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि या घरच्या लाइटना पाचपैकी चार तारे द्यायचं ठरलं होतं. त्यानंतर पावसाळ्यात, ढगाळ दिवसात, दरवाजातून येणारा उजेड कमी झाला आणि लेथवर फक्त एलईडीचा उजेड राहिला. तेव्हा जे दिसलं त्याने एक तारा कापला.

चक थांबलेलं दिसत होतं.

मशीन चालू, आवाज चालू, आणि जॉब धरून फिरवणाऱ्या त्या चकला तीनाच्या जागी सहा जॉ, म्हणजे पकडणारे जबडे, जागच्या जागी उभे. हिशेब साधा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातल्या ड्रायव्हरचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. चक मिनिटाला हजार फेऱ्यांवर असेल तर दोन लखलखाटांच्या मधे ते बरोबर एक षष्ठांश फेरी फिरतं, म्हणून तीनच्या जागी सहा जॉ स्थिर दिसतात. हजाराच्या थोडं खाली असेल तर सावकाश उलटं फिरताना दिसतं. दोन हजारावर नेलं तर तीनच जॉ, पण उभे. घराच्या जिन्यात हे कुणाच्या लक्षात येणार नाही. लेथवर नव्या पोराने थांबलंय समजून हात घातला तर बोटं जातील. चोकच्या ट्यूबलाइटलाही हा दोष होता, म्हणून तर जुने लोक शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. एलईडी ट्यूबपेक्षा लवकर विझतो आणि लवकर पेटतो, त्यामुळे त्यात हे जास्त उठून दिसतं.

तुमच्याकडे बघायचं असेल तर मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनला लावून लाइटकडे धरा. उजेड फडफडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर हा दोष आहे. ड्रायव्हरविना थेट २३० वर चालणाऱ्या ज्या प्लेटी मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत तो सगळ्यात जास्त, त्या मशीनवर लावूच नका. ड्रायव्हरच्या बाहेरच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावून पाहिला, फडफड बरीच कमी झाली, पण गेली नाही. शिवाय कपॅसिटर मोठा केला की तो मघाशी सांगितलेला झटकाही मोठा होतो. ‘फ्लिकर फ्री’ लिहिलेले ड्रायव्हर मिळतात, ते पुण्याच्या बुधवार पेठेतून नाहीतर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मागवावे लागतात. बेळगाव दोन्हीच्या मधे, आणि पार्सलचा खर्च दोन्हीकडून आपल्याच माथी.

मग जुन्या लेथकडेच बघितलं. पूर्वी मशीनवरचा दिवा २४ व्होल्टवर चालायचा, कूलंट उडतो, ऑपरेटर ओल्या हाताने दिवा फिरवतो, म्हणून. माझ्याकडे एका भंगार मशीनमधला २४ व्होल्ट डीसीचा पॉवर सप्लाय पडून होता. त्यावर व्होल्ट उतरवणारं एक्सएल ४०१५ चं बारकं मॉड्यूल लावलं, व्होल्ट आणि प्रवाह दोन्हीसाठी वेगळे स्क्रू असतात ते. तीन वॅटचे सहा एलईडी ओळीत, साधारण वीस व्होल्ट होतात, वर चारेक व्होल्ट मॉड्यूलला मोकळे राहतात. सात लावू नका, मग मॉड्यूलला खेळायला जागा उरत नाही. आधी काही न जोडता व्होल्ट २२ वर ठेवले, मग मीटर दहा अँपिअरवर टाकून त्यातूनच आउटपुट शॉर्ट केलं आणि प्रवाहाचा स्क्रू ६०० मिलीअँपिअरवर आणला. एलईडी ७०० चे, आपण ६०० वर. बारा वॅटचा दिवा झाला.

हा दिवा पन्नास वॅटच्या सीओबीला भारी पडलाय. उजेड टूलच्या टोकावर हवा तिथे, चक फिरतं तसं फिरताना दिसतं, कारण मॉड्यूलची उघडझाप सेकंदाला लाखाच्या वर, ती डोळ्याला काय, कॅमेऱ्यालाही सापडत नाही. दिव्यासाठी मशीनच्या अंगावर २४ व्होल्टच्या वर काही नाही. सीओबी आता छताला गेली, ९०० वर, गोडाऊन उजळायला ठीक आहे. चार तारे परत दिले, पण ते या जोडणीला. वॅटवर ड्रायव्हर विकणाऱ्याला दीडच.

घरच्या बाजूचं थोडक्यात. बिघडलेल्या बल्बच्या प्लेटीवरचे २८३५ मापाचे एलईडी बदलायला जाल तर सावध. तेच माप तीन, सहा, नऊ आणि अठरा व्होल्टमध्ये येतं, दिसायला सारखंच. मल्टिमीटरच्या डायोड सेटिंगवर फार तर तीनवाला मिणमिणतो, नऊवाला पेटतच नाही आणि माणूस चांगला एलईडी मेला समजतो. टीव्हीच्या बॅकलाइटचा टेस्टर घ्या, तो बारीक प्रवाह देऊन व्होल्टचा आकडाच दाखवतो. आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मी मागून आणतो, विकत घ्यायची गरज पडलेली नाही. बल्बमधले बहुतेक ड्रायव्हर आयसोलेशनचे नसतात, म्हणजे प्लेटवर थेट लाइनचा करंट येऊ शकतो. अशा ड्रायव्हरवर उघडा हीटसिंक लावणार असाल तर त्याला अर्थिंग हवंच. जिन्याला मी आयसोलेटेड ड्रायव्हर लावलाय, तरी हीटसिंकला लाइन टेस्टर लावला की तो किंचित लुकलुकतो. हा आतल्या बारक्या कपॅसिटरमधून येणारा झिरप. अर्थ केल्यावर गेला.

२४ व्होल्टच्या दिव्याची एक खोड राहिली आहे. शेडमधल्या जुन्या रेडिओवर मीडियम वेव्हला धारवाड केंद्र लावलं की दिवा पेटल्याबरोबर घरघर सुरू होते. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंच्या वायरी असली घरघर दाबणाऱ्या फेराइटच्या रिंगेतून दोन-तीन वेढे घालून नेल्या, बरीच कमी झाली. रेडिओ खिडकीत नेऊन ठेवला तर बातम्या कळण्याइतपत ऐकू येतात. एफएमवर काही त्रास नाही.